मदत हवी आहे: अबार्थ पुंटोचा टर्बो बूस्ट अर्ध्यावर आलाय. गावात घरीच काम करतो, शोध कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी. पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यातून लिहितोय. गाडी २०१६ची फियाट अबार्थ पुंटो, १.४ टी-जेट पेट्रोल. कंपनीचा आकडा १४५ बीएचपी आणि २१२ एनएम. ८७ हजार किमी झालेत. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं, दोन वर्षं रांजणगावच्या एमआयडीसीत काम केलं. ही गाडी तिथेच बनायची. रस्त्यावर पहिल्यांदा पाहिली तेव्हाच ठरवलं होतं. २०२१ मध्ये तूर विकून आलेल्या पैशात नागपूरहून सेकंड हँड घेतली. आता शेती करतो, फावल्या वेळात गावातले ट्रॅक्टर पाहतो, आणि गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये ही गाडी उभी असते.

तीन वर्षांत तिने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही. म्हणूनच आता चैन पडत नाही.

झालं असं की मार्चपासून ओढ कमी झाली. करंजीकडून वडकीकडे जाताना चौथ्या गिअरला अडीच हजार आरपीएमपासून जो धक्का बसायचा तो गेला. पाय पूर्ण दाबला की पुढून, डाव्या बाजूने ‘फुस्स’ असा लांब आवाज येतो, पाय सोडला की थांबतो. इंजिनचा दिवा लागला. माझ्याकडे ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर आहे, त्यावर कोड आला पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बो इंजिनात जादा कोंबतो तो हवेचा दाब) कमी.

रीडिंग असे. चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ९७ किलोपास्कल दाखवतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब बरोबर वाचतोय. पूर्वी चौथ्या गिअरला तीन हजारांवर तो १९५पर्यंत जायचा. आता १५२ला अडकतो. इनटेकच्या हवेचं तापमान पहाटे ३८ असतं, पण दुपारी बाहेर ४४ असताना टोलनाक्यावर रांगेत उभं राहिलं की ७१! ३० अंशांची हवा ७० अंशांवर गेली की त्याच दाबाला साधारण १२ टक्के विरळ होते, एवढं मला समजतं. पण ४० किलोपास्कलची घट नुसत्या उन्हाने होणार नाही.

काय काय बदललंय तेही सांगतो, लपवून उपयोग नाही. २०२३ मध्ये स्टेज १ रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून घेतला. त्याच सुमारास मूळ एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा बंद डबा) काढून उघडा कोन फिल्टर लावला. प्लग नवे, गॅप थोडा कमी ठेवलाय. ऑइल ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, दर साडेसात हजारांना बदलतो. दामटून आलो की लगेच चावी बंद करत नाही, मिनिटभर इंजिन चालू ठेवतो. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि ऑइलच्याच पडद्यावर फिरतो, हे डोक्यात पक्कं आहे.

आता एक गोष्ट जी इथे कापूसपट्ट्याबाहेरच्या लोकांनी पाहिली नसेल. डिसेंबरमध्ये जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, ताडपत्रीतून रुई उडत असते. त्यांच्या मागे रोज ये-जा करणाऱ्या माझ्या गाडीचा बंपर मी काढला तर इंटरकूलरची (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीची) पाती दिसतच नव्हती. रुई, काळ्या मातीची धूळ आणि किडे यांचा एक थर बसला होता. नखाने कोपरा उचलला तर तो वाकळीसारखा एकसंध सुटून हातात आला. उरलेलं मी फवारणीच्या एचटीपी पंपाने धुतलं. त्या जोरात खालच्या भागातली पाती आडवी झाली. ती चूक माझी. इंटरकूलर काढून परत बसवलाही मीच.

तालुक्याला एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी खाली न वाकता ‘टर्बो गेला, ५५ हजार’ असं सांगितलं. मी घरी इनलेटची नळी सोडून दांडा बोटाने हलवून पाहिला. आडवा किंचित हलतो, पण आत-बाहेर अजिबात नाही. टर्बोची पाती घासलेली नाहीत. निळा धूर नाही. नळीत ऑइलचा पातळ थर आहे, थेंब नाही. मला टर्बो मेला असं वाटत नाही.

हवेची गळती शोधायचं धुराचं मशीन इथे दीडशे किलोमीटरमध्ये कोणाकडे नाही. गळती घरी कशी शोधू? आणि उन्हाळाभर रीमॅप काढून गाडी मूळ सेटिंगवर आणू का? कंपनीने आपल्याकडे गाड्या विकणं कधीच थांबवलं, त्यामुळे चुकीचा पार्ट फोडला तर परत मिळवणं जड जाईल. जाणत्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

भाऊ, मी हिंगणघाटचा. टर्बो खोलू नोको अन् ५५ हजार तर अजिबात देऊ नोको. तू जे सांगून रायला त्यावरून हवा कुठीतरी लीक होऊन रायली.

ठिबकच्या दुकानात जा. तुह्या टर्बोच्या इनलेट नळीच्या मापाची पीव्हीसी एंड कॅप घे. मधात भोक पाड, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसव. तशीच दुसरी कॅप बिना भोकाची, ती थ्रॉटलच्या अलीकडच्या नळीत. दोन्हीवर क्लॅम्प कस. इंजिनातून इनलेटमधी येणारी ब्रीदरची नळी आधी बंद कर, नाही तर हवा क्रँककेसमधी जाईन अन् सील फुटन. कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर १५ पीएसआयवर ठेव, त्याच्या वर नाही. मंग निरम्याचं पाणी ब्रशनं सगळ्या जोडांवर लाव अन् बुडबुडे पाय.

कॅपच्या समोर उभा राहू नोको. साठ मिलिमीटरच्या कॅपवर तेवढ्या दाबानं तीसेक किलोचा जोर येते, निसटली तं तोंडच फोडन.

प्रतिसाद २

वरचा सल्ला योग्य आहे. त्यात भर घालतो.

गळती सापडेपर्यंत गाडी जोरात चालवू नका, आणि रीमॅप असताना तर नाहीच. बूस्टचा आकडा गाठता येत नाही म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून धूर सोडणारी झडप) मिटूनच ठेवतो, टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो आणि हवा अजून तापते. टर्बो खरंच मरतो तो असा.

कोन फिल्टरबद्दल स्पष्ट सांगतो: काढा. बॉनेटखाली तो इंजिनचीच तापलेली हवा ओढतो. तुमचे ७१ अंश मला उन्हापेक्षा त्यातूनच जास्त आलेले वाटतात. शिवाय तुमच्याकडे सोयाबीनच्या मळणीचं कुटार आणि धूळ. मूळ डबा आणि कागदी फिल्टर दोन्ही बाबतींत सरस.

रीमॅप जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर ट्यून केलेला असेल आणि तुम्ही तालुक्याच्या पंपावर साधं पेट्रोल भरत असाल, तर एप्रिल-मेमध्ये मूळ सेटिंगवर येणं शहाणपणाचं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि तुमची गाडी त्याच्या आधीची, तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्यांना भेगा आहेत का तेही पाहून घ्या. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) विसरू नका. विमा कंपनीला न कळवलेले बदल अपघातानंतर दावा अडकवू शकतात.

धागाकर्ता, चार दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणला, पण दिवसभर लाइन नव्हती, ती रात्री साडेअकराला आली. पुतण्याने बॅटरी धरली आणि मी ब्रश फिरवला. वरचे सगळे जोड कोरडे. इंटरकूलरमधून बाहेर पडणाऱ्या खालच्या नळीपाशी ब्रश नेला तर बुडबुडे नाहीत, सरळ फेस उसळला. क्लॅम्प सोडला तर पट्टीच्या काठाने रबर कापलेलं, बोटाच्या पेराएवढी चीर. डिसेंबरमध्ये मी नळी पूर्ण आत न सरकवता क्लॅम्प तिच्या टोकावरच कसला होता, ती खूण अजून दिसते.

चार थरांची सिलिकॉन नळी आणि टी-बोल्ट क्लॅम्प नागपूरहून मागवले. नळी कड्याच्या पलीकडे सरकवून मगच कसली. परत १५ पीएसआय भरून ब्रश फिरवला, कुठेच फेस नाही. आडवी झालेली पाती पातळ पट्टीने एकेक उभी केली, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. काल पहाटे वडकीपर्यंत जाऊन आलो. मॅप सेन्सर १९१. कोड पुसला, परत आला नाही. तो धक्का परत आला आणि मी गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

रीमॅप पावसाळा लागेपर्यंत काढतोय, मूळ फाइल ट्यूनरकडे आहे. दुपारी टोलनाक्यावरचं तापमान मात्र अजून ६७ येतं, म्हणून एअरबॉक्स परत बसवायला घेतला. डबा मी जपून ठेवला होता, पण पुढून थंड हवा घेणाऱ्या नळीचा एक कान शेडमध्ये पडून तुटलाय. टी-जेटची ती नळी कोणाकडे पडून असेल तर कळवा. पार्सलचा खर्च माझा, एसटीने पांढरकवड्याला पाठवली तरी चालेल.