विषय: पुण्यातलं बी.एड. आणि न्यू जर्सीच्या पब्लिक शाळेतलं प्रमाणपत्र

कोथरूड, पुणे इथून

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१ व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) न्यू जर्सीला येते आहे. बी.एस्सी., एम.एस्सी. गणित आणि बी.एड., तिन्ही पुणे विद्यापीठाच्या. सध्या अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. तिकडे पब्लिक शाळेत गणितच शिकवायचं असेल तर काय लागतं, आणि त्यातलं काय काय पुण्यातूनच उरकून यावं?

दुसरा प्रश्न. तिकडे असलेल्या माझ्या बहिणीला मुलाच्या शाळेतून पत्र आलं की, तुमच्या मुलाला चार आठवड्यांहून जास्त काळ शिकवत असलेल्या शिक्षकांकडे या इयत्तेचं आणि विषयाचं राज्याचं प्रमाणपत्र नाही. ही काय पद्धत आहे? असं पत्र माझ्या नावाने निघू नये, एवढीच इच्छा आहे.

एडिसनहून

ताई, नमस्कार.

आधी पत्राचं सांगते, कारण ते कळलं की बाकीची कागदपत्रं कशासाठी जमवायची ते आपोआप कळतं.

इथे केंद्र सरकारचा ‘टायटल वन’ निधी गरीब वस्तीतल्या शाळांना मिळतो. तो घेणाऱ्या प्रत्येक डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या मंडळाला) वर्षाच्या सुरुवातीला पालकांना कळवावं लागतं की, मुलाच्या शिक्षकांची पात्रता विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पालकांनी विचारलं तर शाळेने सांगायचं: या इयत्तेसाठी आणि विषयासाठी राज्याने ठरवलेली पात्रता शिक्षकांकडे आहे का, ते आणीबाणीच्या किंवा तात्पुरत्या परवान्यावर आहेत का, ज्या विषयाचं प्रमाणपत्र आहे तोच विषय शिकवतात का, आणि मुलाला वर्गसाहाय्यक मदत करत असतील तर त्यांची पात्रता काय. हे सगळं पालकांनी मागितल्यावर. बहिणीला आलेलं पत्र मात्र न मागता पाठवावं लागतं. पात्रता पूर्ण नसलेल्या शिक्षकाने सलग चार आठवडे किंवा जास्त शिकवलं की शाळेने वेळेत कळवायचं, असा कायदाच आहे.

२००२ पासूनच्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यात ‘हायली क्वालिफाइड टीचर’ अशी केंद्राची स्वतःची व्याख्या होती. डिसेंबर २०१५ मध्ये ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायदा आला आणि ती व्याख्या गेली. आता राज्य म्हणेल ती पात्रता. त्यामुळे जुन्या वेबसाइटवर ‘हायली क्वालिफाइड’चे फॉर्म दिसले तर त्यात वेळ घालवू नका. कळवण्याचं बंधन मात्र कायम राहिलं. शिवाय राज्याच्या वार्षिक रिपोर्ट कार्डात तीन गोष्टींची संख्या आणि टक्केवारी द्यावी लागते: अननुभवी शिक्षक, आणीबाणीच्या परवान्यावरचे शिक्षक आणि प्रमाणपत्राबाहेरचा विषय शिकवणारे शिक्षक. तीही जास्त गरिबी आणि कमी गरिबी असलेल्या शाळांची वेगवेगळी.

म्हणजे इथे ‘शिक्षक’ असं एकच प्रमाणपत्र नसतं. विषय आणि इयत्ता धरून मिळतं. गणिताचं प्रमाणपत्र असताना मुख्याध्यापकांनी दोन तास विज्ञानाचे दिले, तर नोंदीत तुम्ही त्या तासांपुरत्या ‘आउट ऑफ फील्ड’ दिसता. आपल्याकडे गणिताच्या बाई गरज पडली की भूगोलही घेतात. तसं इथे हो म्हणण्याआधी वेळापत्रकातला प्रत्येक वर्ग आपल्या प्रमाणपत्राशी ताडून बघायचा.

आता न्यू जर्सीच्या अटी. माध्यमिक गणितासाठी पदवी हवी, विषयाचे किमान ३० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं इथलं माप) हवेत आणि त्यातले १२ वरच्या पातळीचे. जीपीए, म्हणजे गुणांची चारपैकी सरासरी, ३.०० आणि ‘प्रॅक्सिस’ या शिक्षकांच्या परीक्षेतली गणिताची परीक्षा, क्रमांक ५१६५. वाचन-लेखन-गणित या मूलभूत कौशल्यांची ‘प्रॅक्सिस कोअर’ परीक्षा न्यू जर्सीने १ जानेवारी २०२५ पासून काढून टाकली आहे. क्लासवाले अजून तिची पुस्तकं विकतात, घेऊ नका. शरीरशास्त्र आणि आरोग्य यांचीही एक अट आहे. ट्रान्सक्रिप्टवर जीवशास्त्र किंवा आरोग्याचा पेपर असेल तर ती भागते, नाहीतर छोटी परीक्षा द्यावी लागते. गणिताच्या बी.एस्सी.वाल्यांना बहुधा ती द्यावीच लागेल, हे धरून चाला.

५१६५ मध्ये ६६ प्रश्न आणि तीन तास असतात. तुम्हाला गणित अवघड जाणार नाही. अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे स्क्रीनवरचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर. आपल्याकडे शाळेत तो कधी हातात येत नाही, पण काही प्रश्न त्याच्याशिवाय वेळेत होत नाहीत. दुसरं म्हणजे संख्याशास्त्र आणि संभाव्यता. त्यात नमुना निवडण्याच्या पद्धती आणि आलेखावरून निष्कर्ष काढणं यांवर भर असतो, आपल्याकडच्यासारखा मध्य-बहुलक काढण्यावर नाही. हे दोन नीट केलंत तर पुरे.

प्रमाणपत्राची पायरी अशी: मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण नाही असं ठरलं तर ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’, पूर्ण धरलं तर ‘विथ ॲडव्हान्स्ड स्टँडिंग’. पहिल्यात आधी ५० तासांचा पूर्वतयारी वर्ग आणि नोकरी लागल्यावर पर्यायी मार्गाचं प्रशिक्षण करावं लागतं. दोन्हींत नोकरी मिळाली की ‘प्रोव्हिजनल’ आणि मेंटरच्या देखरेखीनंतर ‘स्टँडर्ड’. पुण्याचं बी.एड. कुठे बसतं, ते तुमच्या मूल्यांकन अहवालावरून, म्हणजे भारतीय पदव्या इथल्या मापात मांडणाऱ्या अहवालावरून, राज्याचं कार्यालय ठरवतं. म्हणून सगळा जोर त्या अहवालावर द्या.

अहवाल ‘कोर्स-बाय-कोर्स’ मागवायचा. नुसती पदवीची समकक्षता सांगणारा ‘डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट’ स्वस्त असतो, पण त्यात क्रेडिट आणि जीपीए नसतात, त्यामुळे राज्य तो घेत नाही. अहवाल देणारी संस्था ‘नासेस’ची (अशा मूल्यांकन संस्थांच्या संघटनेची) सदस्य हवी. बी.एस्सी., एम.एस्सी. आणि बी.एड. तिन्ही एकाच अर्जात द्या. तीन वर्षांच्या पदवीकडे सगळ्या संस्था सारख्या नजरेने बघत नाहीत. काही तिला पूर्ण पदवी धरतात, काही फक्त तीन वर्षांचा अभ्यास धरतात. एम.एस्सी. आणि बी.एड. सोबत असली की हा वाद उरत नाही. नुसती बी.एस्सी. पाठवणारे इथेच अडकतात.

ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या स्टुडंट फॅसिलिटेशन सेंटरच्या पोर्टलवर अर्ज होतो. प्रत विद्यापीठाकडून थेट संस्थेकडे गेली पाहिजे, ऑनलाइन किंवा मोहोरबंद पाकिटात. पाकीट तुमच्या हातात आलं तर फोडू नका. एकदा फोडलं की ती तुमची प्रत झाली, विद्यापीठाची राहिली नाही. एम.एस्सी.ची गुणपत्रकं बघताना ‘पेपर वन, पेपर टू’ एवढंच छापलं आहे का ते तपासा. तसं असेल तर विभागाकडून पेपरांची नावं असलेला अभ्यासक्रम प्रमाणित करून घ्या. नावाविना पेपर ‘जनरल’मध्ये टाकले जातात आणि गणिताचे क्रेडिट कमी पडतात. जुन्या पद्धतीत एफ.वाय.ला चार विषय असायचे आणि टी.वाय.ला एकच. तुमचे वरच्या पातळीचे १२ क्रेडिट टी.वाय. आणि एम.एस्सी.मधूनच निघणार आहेत, म्हणून तीच पानं सगळ्यात महत्त्वाची.

सदाशिव पेठ, पुणे इथून

ताईंना सप्रेम नमस्कार. एडिसनच्या ताईंनी तिकडचं नीट सांगितलं आहे. इथल्या शाळेतून काय न्यायचं ते मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून सांगतो.

अनुभवाचा दाखला ‘अमुक शाळेत समाधानकारक काम केले’ अशा दोन ओळींचा घेऊ नका. इंग्रजीत, लेटरहेडवर, आणि त्यात एवढं हवंच: रुजू तारीख आणि शेवटची तारीख, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, इयत्ता, विषय, आठवड्याच्या तासिका, माध्यम, मंडळ, आणि शाळेचा अकरा आकडी यूडायस (देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक. पुणे जिल्ह्याचा क्रमांक २७२५ ने सुरू होतो. तो लिहिलेला असला की परदेशातल्या माणसालाही शाळा पडताळता येते. सोबत शिक्षणाधिकाऱ्यांचा वैयक्तिक मान्यता आदेश आणि सेवापुस्तकाच्या पहिल्या पानांच्या साक्षांकित प्रती ठेवा. आदेश मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर इथेच करून घ्या.

दाखला आणि यूडायस प्लसमधली शिक्षक नोंद जुळते का, ते दाखला मागण्याआधी बघा. त्या नोंदीत शैक्षणिक अर्हता, व्यावसायिक अर्हता, कोणत्या वर्गांना शिकवता आणि मुख्य विषय कोणता, हे असतं. कारकुनाने मागच्या वर्षीचं तसंच पुढे ढकललेलं असतं, आणि गणिताच्या बाई ‘सामाजिक शास्त्र’ म्हणून वर्षानुवर्षं दिसत राहतात. शाळेच्या लॉगिनवरून दुरुस्त होतं, पण माहिती भरण्याची मुदत चालू असेपर्यंतच.

बी.एड. कॉलेजकडूनही वेगळं पत्र घ्या. २०१४ च्या एनसीटीई (राष्ट्रीय शिक्षक-शिक्षण परिषद) नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि २० आठवड्यांची इंटर्नशिप आली. त्याआधीचं एक वर्षाचं. तुमचं कोणतंही असो, प्रत्यक्ष शाळेत किती आठवडे, कोणत्या इयत्तांना, किती सराव पाठ आणि अध्यापन पद्धती कोणत्या दोन विषयांच्या, हे पत्रात लिहून घ्या. गुणपत्रकावर नुसते गुण असतात, आठवडे नसतात.

टीईटीबद्दल (शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल) कुणीतरी घाबरवेल म्हणून लिहितो. टीईटी पहिली ते आठवीच्या शिक्षकांना लागते, आणि न्यू जर्सीचं कार्यालय ती मागतही नाही. पण परत येऊन शिकवण्याचा विचार असेल, किंवा सध्या आठवीचाही वर्ग असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल माहीत असू द्या. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, १५० गुण, खुल्या गटाला ६० टक्के. एकदा उत्तीर्ण झालं की प्रमाणपत्र आता आजीवन आहे.

राजीनामा देताना १९८१ ची खाजगी शाळा कर्मचारी नियमावली बघा. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. जूनला जायचं म्हणजे मार्चच्या आत अर्ज दिला पाहिजे, आणि त्याची पोच घेतली पाहिजे. संस्थेशी गोडीत निघा, कारण पुढे त्यांच्याकडूनच उत्तर हवं असणार आहे.

पुन्हा एडिसनहून

काकांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. २०१८ पासून न्यू जर्सीत कायदा आहे की, मुलांशी थेट संबंध येणाऱ्या मागच्या २० वर्षांतल्या सगळ्या नोकऱ्या अर्जदाराने सांगायच्या आणि नव्या शाळेने त्या मालकांकडून लेखी माहिती मागवायची. गैरवर्तनाची चौकशी झाली होती का, असा तो फॉर्म असतो. पुण्यातल्या शाळेत असा इंग्रजी फॉर्म आला की ‘हे काय आलंय’ म्हणून तो कपाटात जाऊन पडतो, आणि इकडे नेमणूक अडते. निघण्याआधी मुख्याध्यापकांना आणि संस्थेच्या सचिवांना याची कल्पना देऊन ठेवा. शाळेचा चालू ईमेल घ्या, जुन्या कारकुनाचा खाजगी नको.

फ्रीमॉन्टहून

कॅलिफोर्नियात येणाऱ्यांसाठी थोडक्यात. इथे मूल्यांकन संस्था टीचर क्रेडेन्शियलिंग कमिशनच्या यादीतलीच लागते, दुसरीकडचा अहवाल परत पाठवतात. पदवी पुरेशी ठरली की ३० दिवसांचा बदली शिक्षक परवाना काढता येतो. नावातले ३० दिवस ही परवान्याची मुदत नव्हे, एका शिक्षकाच्या जागी किती दिवस शिकवायचं त्याच्याशी त्यांचा संबंध आहे. परवाना स्वतः वर्षभर चालतो. प्रत्येक शाळेचं अकाउंटेबिलिटी रिपोर्ट कार्ड १ फेब्रुवारीपर्यंत प्रसिद्ध होतं आणि त्यात शिक्षकांच्या पात्रतेचा तक्ता असतो. नोकरीचा अर्ज करण्याआधी तो वाचा. गणितात आणीबाणीच्या परवान्यावरचे शिक्षक जास्त असतील, तर त्या शाळेला तुमची खरी गरज आहे.

कोथरूडहून

सर्वांचे मनापासून आभार. दोनच शंका. गुणपत्रकांवर माहेरचं नाव, आधी आडनाव आणि शेवटी आईचं नाव, असं आहे. पासपोर्टवर सासरचं. आणि ईएडी (काम करण्याच्या परवानगीचं कार्ड) नसताना यातलं काय करता येतं?

एडिसनहून

नाव: विवाह प्रमाणपत्र इंग्रजीत घ्या आणि राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत. मूल्यांकनाच्या अर्जात ‘पूर्वीचं नाव’ या रकान्यात गुणपत्रकावरचं नाव त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने लिहा. बी.एस्सी.वर एक स्पेलिंग आणि बी.एड.वर दुसरं असेल तर विद्यापीठाकडून आताच दुरुस्त करून घ्या. इथून ते काम महिनोन्‌महिने लांबतं. प्रॅक्सिसची नोंदणी मात्र पासपोर्टवरच्या नावानेच करायची, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत.

ईएडी: एच-४ वर ते मिळतं ते पतीचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल किंवा त्यांना सहा वर्षांपुढची एच-१ मुदतवाढ मिळाली असेल तरच. सोशल सिक्युरिटी नंबरही त्यानंतरच, आणि प्रमाणपत्राच्या अर्जात तो विचारतात. पण मूल्यांकन आणि प्रॅक्सिस यांना ईएडी लागत नाही. ती दोन कामं आधी संपवा, म्हणजे कार्ड आल्याच्या आठवड्यात अर्ज जाईल.

नोकरी लागली की पहिल्या महिन्यात डिस्ट्रिक्टच्या मनुष्यबळ विभागाला आपली नोंद दाखवायला सांगा. न्यू जर्सी स्मार्ट या प्रणालीत प्रत्येक शिक्षकाला एक क्रमांक आणि कामाचा सांकेतिक अंक असतो, आणि कोणता वर्ग कोण शिकवतं याची वेगळी नोंद जाते. अंक चुकीचा पडला तर प्रमाणपत्र असूनही तुम्ही प्रमाणपत्राबाहेर शिकवता असं दिसेल. दुरुस्ती डिस्ट्रिक्टच करू शकतं, आणि तेही माहिती राज्याकडे जाण्याआधी.