झिग ०.१४ वरून ०.१५ वर आत्ता जावे की थांबावे? सल्ला हवा आहे

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार. गेले वर्षभर मी झिग या प्रोग्रामिंग भाषेत एक साधन लिहीत आहे. मोठ्या लॉग फायली वाचायच्या, त्यांतल्या हव्या त्या नोंदी निवडायच्या आणि त्या जीझिप करून (म्हणजे दाबून लहान करून) दुसऱ्या फायलीत ठेवायच्या, एवढेच त्याचे काम. सुमारे ६,००० ओळींचा कोड आहे, बाहेरची पॅकेजे दोन आहेत आणि सगळे ०.१४.१ वर व्यवस्थित चालते. ऑगस्ट २०२५ मध्ये ०.१५.१ आल्यावर उत्साहाच्या भरात नवा कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) लावून पाहिला, तर त्रुटींची यादी संपेचना, म्हणून मुकाट्याने मागे आलो.

डीबग बिल्ड (चुका शोधताना वापरायची बांधणी) बरेच जलद झाल्याचे ऐकतो आणि त्याचा मोह आहे. मात्र १.० च्या आधीची भाषा असल्याने आज केलेली डागडुजी पुढच्या आवृत्तीत पुन्हा उसवणार असेल, तर श्रम वाया जातील अशी भीतीही वाटते. ज्यांनी स्थलांतर केले आहे, त्यांनी आपला अनुभव सांगावा ही विनंती.

कोरा_कागद

आमच्याकडील सुमारे दुप्पट आकाराचा प्रकल्प मी ०.१५ वर नेला. त्रुटींची यादी पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यांतल्या बहुतेक दोन-तीन साच्यांच्या असतात. ‘ॲरेलिस्ट’ (वाढत जाणारी यादी) या नावाने आता मिळते ती पूर्वीची ‘ॲरेलिस्ट-अनमॅनेज्ड’ आहे. ती ॲलोकेटर (स्मृती मिळवून देणारा घटक) स्वतःजवळ बाळगत नाही, त्यामुळे घटक जोडताना आणि शेवटी स्मृती मोकळी करताना तो प्रत्येक वेळी हाती द्यावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, पण कंपायलर प्रत्येक जागा दाखवतो, त्यामुळे चुकण्याला वाव नाही. शिवाय अनमॅनेज्ड प्रकार ०.१४ मध्येही आहेच. तेव्हा हा भाग आपण कंपायलर न बदलता आजच उरकू शकता. ‘यूझिंगनेमस्पेस’ (दुसऱ्या रचनेतली नावे आपल्यात मिसळण्याची सोय) ०.१५ मधून काढून टाकले आहे. आपल्या कोडमध्ये ते असेल तर तेही ०.१४ वर असतानाच हटवता येते.

खरा धोका कंपायलरला न दिसणाऱ्या ठिकाणी आहे. नव्या रायटरमध्ये (मजकूर लिहिणाऱ्या घटकात) बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवण्याची जागा, हा इंटरफेसचाच भाग झाला असून तो आपणच पुरवायचा असतो. साहजिकच लिहिलेला मजकूर बफर भरेपर्यंत किंवा आपण फ्लश करेपर्यंत (तो पुढे ढकलेपर्यंत) तिथेच पडून राहतो. फ्लश राहिले, तर प्रोग्राम बिनतक्रार संपतो आणि फायलीत मजकुराचे शेपूट नसते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. त्यात भर अशी की डीबग-प्रिंट स्वतःचे फ्लश स्वतः करते, त्यामुळे तपासणीसाठी टाकलेल्या ओळी पडद्यावर दिसत होत्या आणि मूळ निकाल मात्र गायब होता. अर्धा दिवस मी चूक निवडीच्या तर्कात शोधत बसलो.

शून्यापासून_मोजा

वरील प्रतिसादाला दोन पुरवण्या जोडतो.

पहिली अशी की फ्लश ‘डिफर’मध्ये (ब्लॉक संपताना आपोआप चालणाऱ्या ओळीत) टाकून त्याची त्रुटी गिळून टाकू नये. डिस्क भरली असेल तर ते फ्लशच्याच वेळी कळते, आणि ती त्रुटी गिळली तर अर्धवट फाईल पूर्ण समजून आपण पुढे जातो. यशस्वी मार्गाच्या शेवटी ‘ट्राय’सह (त्रुटी आली तर ती वर कळवत) फ्लश करावे. प्रोसेस थेट ‘एक्झिट’ने संपवत असाल तर डिफर चालतच नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरी पुरवणी इंटरफेसची प्रत करण्याबद्दल आहे. फाईल-रायटरच्या आतला ‘इंटरफेस’ हा घटक नेहमी पॉइंटरने घ्यावा. सवयीने तो नव्या चलात उतरवून घेतला तर कंपायलर हरकत घेत नाही. मात्र अंमलबजावणी त्या घटकाच्या पत्त्यावरून मागे मोजत मूळ रचनेपर्यंत पोहोचते, आणि प्रतीच्या मागे मूळ रचना नसतेच. मग जे मिळते तो निव्वळ कचरा असतो. भाषेच्या इतक्या वर्दळीच्या रस्त्यावर असा खड्डा ठेवणे मला पटलेले नाही, पण आहे ते आहे.

तरीही या बदलामागचा विचार मला योग्य वाटतो. पूर्वी रायटर जनरिक (प्रत्येक प्रकारासाठी वेगळा घडणारा) असे, त्यामुळे तो घेणारे प्रत्येक फंक्शन ‘एनीटाइप’ने (‘कोणताही प्रकार चालेल’ असे सांगणाऱ्या शब्दाने) बाधित होई आणि स्ट्रक्टमध्ये रायटर साठवायचा तर नेमका कोणता प्रकार लिहावा हे कोडे पडे. आता एकच ठोस प्रकार आहे. बफर इंटरफेसमध्येच असल्याने नेहमीचे लहान लेखन थेट बफरमध्ये होते आणि अप्रत्यक्ष कॉलचा खर्च बफर भरल्यावरच पडतो. माझ्या पार्सरमधली कितीतरी जनरिक फंक्शने या निमित्ताने साधी झाली.

जुना_सी_वाला

आपण जीझिपचा उल्लेख केला आहे आणि त्याकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ०.१५ च्या स्टँडर्ड लायब्ररीतून डीफ्लेट (जीझिप जी वापरते त्या) पद्धतीने कॉम्प्रेस करण्याची सोय काढून टाकली आहे. उलगडण्याची सोय शिल्लक आहे, दाबण्याची नाही. म्हणजे आपल्या साधनाचे अर्धे काम नव्या आवृत्तीत जागेवर नसेल. ०.१४ मधला तो कोड आपल्या प्रकल्पात उतरवून घेता येतो, पण तो जुन्या रायटरवर बेतलेला असल्याने त्यालाही हात लावावा लागेल. मी तर सरळ सी मधली झेडलिब ही कॉम्प्रेशनची लायब्ररी जोडली. सी लायब्ररी जोडणे हा झिगचा हातखंडा आहे आणि झेडलिब पुढच्या आवृत्तीत नाहीशी होणार नाही.

जलद बिल्डबद्दलही नीट पाहून घ्यावे. ०.१५ मध्ये एक्स-८६-६४ प्रोसेसरसाठी डीबग बिल्ड एलएलव्हीएम या बाहेरच्या संचाऐवजी झिगच्या स्वतःच्या बॅकएंडने (यंत्रभाषा तयार करणाऱ्या भागाने) होते, पण ते लिनक्स आणि मॅकओएसवर. विंडोजवर ही मूळ निवड नाही. आर्म प्रोसेसरचे बॅकएंड ०.१५ मध्ये तयार झालेले नाही, त्यामुळे ॲपलच्या नव्या चिपवर काम करणाऱ्यांना हा लाभ नाही. रिलीज बिल्ड तर सर्वत्र एलएलव्हीएमनेच होते. आपले यंत्र कोणते, त्यावर तो मोह किती खरा ते ठरेल.

अर्धविराम (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. माझ्याकडे लिनक्स आणि एक्स-८६ आहे, म्हणजे मोह रास्त ठरतो. कॉम्प्रेशनचा मुद्दा मात्र अगदीच अनपेक्षित होता, कारण त्रुटींच्या यादीत मी तिथवर पोहोचलोच नव्हतो.

एक शंका आहे. असिंक आणि अवेट हे समांतर कामासाठीचे शब्द भाषेतून गेले, याची बरीच चर्चा दिसते. त्याचा मला काही त्रास होईल का?

शून्यापासून_मोजा

होणार नाही. ०.११ पासून, म्हणजे २०२३ पासून, कंपायलर ते शब्द स्वीकारत असला तरी त्यांची अंमलबजावणी करतच नव्हता. आता त्या शब्दांची पाटीही उतरवली आहे. समांतर कामाची सोय पुढे स्टँडर्ड लायब्ररीतून देण्याची योजना आहे. जसा ॲलोकेटर हाती द्यावा लागतो, तसाच आय-ओ (वाचन-लेखन) हाही घटक फंक्शनला द्यायचा. तेव्हा फायली आणि नेटवर्क हाताळणारा कोड ०.१६ मध्ये पुन्हा बदलावा लागेल हे गृहीत धरावे. म्हणूनच फाईल उघडणे, वाचणे आणि लिहिणे हे सगळे आताच एका मॉड्यूलमध्ये कोंडून ठेवा, बाकी कोडला फक्त रीडर आणि रायटर यांचे पॉइंटर द्या.

कोरा_कागद

बाहेरच्या दोन पॅकेजांविषयी आपण काहीच सांगितले नाही, आणि माझ्या मते निर्णय तिथेच आहे. ती ०.१५ वर आलेली नसतील तर आपला कोड कितीही सुधारला तरी बिल्ड होणार नाही, आणि दुसऱ्याच्या पॅकेजची दुरुस्ती अंगावर घेणे हा स्थलांतराचा सर्वांत महाग प्रकार आहे. ‘किमान झिग आवृत्ती’ ही त्यांच्या ‘बिल्ड.झिग.झॉन’ फायलीतली नोंद पाहावी, पण तीवर विसंबू नये. प्रत्यक्ष बिल्ड करूनच खात्री करावी.

अर्धविराम (धागाकर्ता)

आठवड्याभराने कळवत आहे. एक पॅकेज ०.१५ वर आलेले होते. दुसरे आलेले नव्हते, पण मी त्यातली केवळ आदेश-ओळीवरचे पर्याय वाचणारी दोन फंक्शने वापरत होतो, म्हणून ते काढून तेवढा कोड स्वतः लिहिला. ॲरेलिस्टचे काम ०.१४ वरच पूर्ण केले. कॉम्प्रेशनसाठी झेडलिब जोडली आणि तीही आधी जुन्या कंपायलरवर तपासून घेतली. त्यानंतर ०.१५ लावल्यावर उरल्या त्या जवळजवळ सगळ्या रायटरच्या आणि फॉर्मॅटच्या त्रुटी. ज्या प्रकारांना स्वतःचे फॉर्मॅट फंक्शन आहे, त्यांच्यासाठी कंसात आता ‘एफ’ लिहावे लागते, हे कंपायलरनेच सांगितले.

फ्लशच्या खड्ड्यात मीही पडलो, पण पाचच मिनिटांत बाहेर आलो. आता दोन्ही आवृत्त्यांनी काढलेल्या फायली उलगडून बाइट-बाइट ताडून पाहणारी चाचणी लावली आहे आणि तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा हिरवी झाली.