ऑस्लोत आई-बाबांसोबत अडीच दिवस : मुक्काम कुठे करावा?

धागाकर्ती : सागरवेडी
जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन ऑस्लोला जातेय. आईचे गुडघे कुरकुरतात, बाबांना मात्र पायी भटकायची भारी हौस. म्युझियमं फार नकोत. नकाशात शहरापेक्षा जंगलच जास्त दिसतंय! स्टेशनजवळ राहावं की जरा बाहेर, स्वस्तात? आणि कार घ्यावी का?

फ्योर्डकर
कार अजिबात नको. नकाशा खरं सांगतोय, महापालिका हद्दीचा दोन तृतीयांश भाग जंगलच आहे. दक्षिणेला फ्योर्ड (म्हणजे जमिनीत आत शिरलेली समुद्राची खाडी), बाकी बाजूंना झाडीचे डोंगर आणि मधल्या वाडग्यात शहर. म्हणजे पाण्यापासून दूर निघालात की चढ आलाच. आईंसाठी स्टेशनजवळच राहा, ट्राम, मेट्रो, बस सगळं तिथे मिळतं.

स्टेशनला लागूनच ब्योर्विका हा पाण्याकाठचा भाग आहे. पूर्वी इथे कंटेनर आणि गाड्यांचा राबता असे. २००८ला ऑपेरा हाऊस उघडलं, २०१०ला हायवे पाण्याखालच्या बोगद्यात गेला, तेव्हा कुठे लोकांना पाण्यापर्यंत नीट जाता यायला लागलं. ऑपेराचं पांढरं छप्पर थेट पाण्यातून वर चढत जातं आणि त्यावर खुशाल चालता येतं. पण फरशीत मुद्दाम उंचसखल कडा ठेवल्यात, फोटोच्या नादात लोक तिथे हमखास ठेचकाळतात. पाऊस पडून गेला असेल तर आईंना खालीच बसवा.

ट्रामवाली_मावशी
ऑपेराला +१. पाण्याकाठच्या आकेर ब्रिगे भागात मात्र जेवायला जाऊ नका. १९८२पर्यंत तिथे जहाजं बांधायचे, आता खिसा कापतात ;) फेरफटका मारा, आइस्क्रीम खा, निघा.

बाबांना आकेर्शुस किल्ल्याखालच्या क्वाद्रातुरेन भागात सोडा. १६२४च्या आगीत जुनं ऑस्लो जळालं, तेव्हा राजा चौथा क्रिस्तियान याने गाव उचलून किल्ल्याच्या आडोशाला आणलं आणि स्वतःचं नाव दिलं, क्रिस्तियानिया. ऑस्लो हे नाव परत यायला १९२५ उजाडलं. सरळ, काटकोनातले रस्ते अजून तसेच आहेत, चुकायची भीती नाही.

आईंना जंगल न चालता दाखवायचंय? मेट्रोची १ नंबर लाइन पकडा आणि शेवटच्या फ्रोग्नेरसेतेरेनपर्यंत बसून राहा. अर्ध्या तासात शहर संपतं, झाडं सुरू होतात. वाटेतल्या होल्मेनकोलेन स्टेशनला मात्र उतरू नका, तिथल्या स्की-जंपपर्यंत (बर्फावरून घसरत उडी मारायची उंच घसरण) चांगलाच चढ आहे.

फ्योर्डकर
मावशींशी सहमत, पण एकच गोष्ट करायला वेळ असेल तर मी डोंगर सोडून बेटावर जाईन. बी-१ नंबरची बोट पकडा. होवेदओया हे पहिलंच बेट, काही मिनिटांत येतं. बस-मेट्रोचंच तिकीट चालतं, वेगळं काढू नका. ११४७ साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत, पोहायच्या जागा आहेत. स्थानिक मंडळी ऊन पडलं रे पडलं की डबे घेऊन तिकडेच पळतात.

सागरवेडी
वा, मग स्टेशनजवळच बुक करते. बेटावर आईला जमेल ना? आणि रविवारी काही बंद असतं का?

ट्रामवाली_मावशी
मठ धक्क्यापासून लांब नाही, वाट मातीची आहे, काठी असू दे. रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद, शनिवारीच ब्रेड-दही भरून ठेवा. आणि हो, जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहानंतर मावळतो. खोलीला जाड पडदे आहेत का ते बुक करतानाच विचारा.