नागपूर-दिल्ली विमान: स्वस्तातलं तिकीट खरंच स्वस्त पडतं का?

सोनेगावकर:
मंडळी, दिवाळीत भावाकडे दिल्लीला जाऊन आलो, मी, बायको आणि आठ वर्षांचा मुलगा. जाताना दोन पर्याय होते, लो-कॉस्ट म्हणजे बजेट कंपनीचं ४,९०० आणि फुल सर्व्हिसचं, म्हणजे जेवण तिकिटातच असलेलं, ६,३००, एका माणसाचं. ४,९०० वालं घेतलं. आता पावत्या समोर ठेवून बेरीज करून राहिलो तं डोकं गरम झालं. सीटचे ३०० प्रमाणे ९००, विमानात तिघांचं सँडविच-चहा १,२००, आणि काउंटरवर सामान ५ किलो जास्त भरलं त्याचे किलोला ६०० म्हणजे ३,००० (संत्र्याची पेटी आणि संत्रा बर्फी होती, नागपूरचा माणूस भावाकडे रिकाम्या हातानं जाईन का). १४,७०० चे झाले १९,८००. तिकडे १८,९०० मध्ये जेवणासकट काम झालं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत, एकटा माणूस असला तं ठीक, पण फॅमिलीसाठी बजेट एअरलाइन महागच पडते आणि हे तिकीट काढताना कोणी सांगत नाही.

इतवारीवाला:
भाऊ, तुमची बेरीज बरोबर पण तुलना चुकली. ६,३०० मध्ये सामान किती होतं ते पाहिलं का? फुल सर्व्हिसवाल्या एअर इंडियानं मे २०२४ मध्येच सगळ्यात स्वस्त भाड्यातलं सामान २० वरून १५ किलो केलं, म्हणजे बजेटवाल्यांइतकंच. तुमची पेटी तिकडेही जास्तच भरली असती. ते ३,००० दोन्हीकडे धरा, मग १९,८०० विरुद्ध २१,९००, काहून महाग पडलं सांगा?
आणि सीटचे ९०० काहून दिले? १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांजवळ सीट द्यायची असं डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२४ मध्येच कंपन्यांना सांगितलं आहे. सँडविचचं म्हणाल तर पावणेदोन तासांचा प्रवास, घरून पोळी-भाजी नेता येते, सिक्युरिटीवाले अडवत नाहीत. मी महिन्यातून एकदा धंद्यासाठी दिल्लीला जातो, ७ किलोची एक बॅग, तिकिटाच्या वर एक रुपया जात नाही. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन आली नसती तर आपल्यासारखे लोक अजून स्टेशनवर वेटिंग लिस्ट पाहत बसले असते.

मनीषनगर_मधून:
इतवारीवाले दादा, तुम्ही एकटे जाता म्हणून तुम्हाला जमतं. मी ७४ वर्षांच्या आईला घेऊन जाते, तिला पुढची, आयलची म्हणजे मधल्या वाटेकडची सीट लागते, व्हीलचेअर लागते, डबा उघडून दिला तर खाते नाहीतर उपाशी बसते. मागच्या जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात आमचं संध्याकाळचं विमान रद्द झालं, बजेटचं होतं, काउंटरवर दोन माणसं आणि समोर दोनशे प्रवासी, सव्वातीन तास लाइनमध्ये, आई खुर्चीत झोपून गेली. शेवटी सकाळच्या विमानात जागा मिळाली. त्या रात्रीची किंमत कोणत्या पावतीवर लिहायची? मी तेव्हापासून जास्त पैसे देते आणि मला ते अजिबात जड जात नाहीत.

इतवारीवाला:
ताई, आईंचा त्रास वाचून खरंच वाईट वाटलं. पण धुकं दोघांनाही सारखंच ना. आणि नियमही सारखेच आहेत: आपल्यासारख्या छोट्या प्रवासात दोन तासांच्या वर उशीर झाला की चहा-नाश्ता द्यायचा, सहा तासांच्या वर गेलं की दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. तिकीट किती रुपयांचं ते नियमात कुठेच नाही. लोक मागत नाहीत म्हणून मिळत नाही.
महागाचा भरवसा म्हणाल तर किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, दोन्ही ताट वाढणाऱ्याच कंपन्या. ॲडव्हान्स तिकीटवाले हात चोळत बसले.

मनीषनगर_मधून:
आणि गो फर्स्ट? मे २०२३ मध्ये बंद पडली ती बजेटचीच होती. बंद पडण्यावरून दोन्ही बाजूंना काही बोलता येणार नाही.
नियम सारखे असतील, पण नियम सांगणारा माणूस काउंटरवर पाहिजे ना दादा. मला पुन्हा असं झालं तेव्हा दुसऱ्या कंपनीचा मुलगा स्वतः येऊन आईला खुर्चीवरून लाउंजपर्यंत घेऊन गेला. दोन अनुभवांवरून सगळं ठरवू नये हे कळतं मला, पण आईच्या बाबतीत मी परत परीक्षा बघणार नाही.

सोनेगावकर:
सामानाचं इतवारीवाल्यांचं बरोबर आहे, आत्ता तिकीट उघडून पाहिलं, ६,३०० वालंही १५ किलोचंच होतं. ते ३,००० मी मागे घेतो. तरी सीट आणि खाणं धरून १६,८०० विरुद्ध १८,९०० होते, म्हणजे माणशी ७०० चा फरक. मला स्क्रीनवर १,४०० दिसला होता! माझा राग ह्याच गोष्टीवर आहे, अर्धा फरक तं नंतर गळून जाते. आठ वर्षांचं पोरगं खिडकी मागते तेव्हा नियमाचं पुस्तक कोणी काढत नाही राजेहो, ३०० रुपये देऊन मोकळा होते माणूस, आणि कंपनीला हे पक्कं माहीत असते.

इतवारीवाला:
७०० गुणिले तीन, गुणिले जाणं-येणं, ४,२०० झाले. माझ्यासाठी ते कमी नाहीत. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, तिकीट रद्द केलं तर नॉन-रिफंडेबल असलं तरी विमानतळाचे टॅक्स आणि फी परत मिळतात, कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं अधिक फ्युएल चार्ज यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. मला एका कंपनीनं आधी शून्य दाखवलं होतं, मेल केल्यावर आठवड्यात ८०० आले.

सोनेगावकर:
हे माहीत नव्हतं, उन्हाळ्यात एक तिकीट रद्द केलं होतं, आजच मेल टाकतो. मार्चमध्ये मुंबईला जायचं आहे चौघांना, आईपण सोबत आहे. ताई, तुम्ही व्हीलचेअर तिकीट काढतानाच टाकता का नंतर फोन करून? आणि तोपर्यंत विदर्भ एक्स्प्रेसचं थर्ड एसीपण पाहून ठेवून राहिलो.

मनीषनगर_मधून:
तिकीट काढतानाच टाका, आणि दोन दिवस आधी फोन करून पक्कं करा. आईंना आयलची सीट घ्या, तिथे ३०० वाचवू नका.