आजारी रजेवरची फेरतपासणी: विमा कंपनीच्या डॉक्टरचा शब्द शेवटचा का?

मंजिरी_क

नवरा पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर दीर्घ आजारी रजेवर आहे. मणका सांधला गेला, पण पायात उतरणारी कळ काही गेली नाही. नोकरीतल्या गटविम्यातून, म्हणजे इन्कम प्रोटेक्शनमधून, पगाराचा ठरावीक हिस्सा मिळतो. ब्रिटनमधल्या अशा पॉलिसींत सहसा १३, २६ किंवा ५२ आठवड्यांचा वेटिंग पिरियड असतो. तो संपला, पैसे सुरू झाले आणि पाठोपाठ मेडिकल रिव्ह्यूही सुरू झाले.

तपासणी व्हायलाच हवी. पैसे देणारा विचारणारच. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या सर्जनने पाठ उघडून पाहिली, ज्या पेन क्लिनिकने औषधं बदलून बदलून पाहिली, त्यांच्या सगळ्या नोंदी एका बाजूला आणि विमा कंपनीने नेमलेल्या डॉक्टरची तासाभराची भेट दुसऱ्या बाजूला. तरीही पारडं भेटीकडे झुकतं.

एक नमुना देते. डॉक्टरांनी विचारलं, "इथपर्यंत कसे आलात?" हा म्हणाला, "बायकोने गाडीतून आणलं." अहवालात आलं, "गाडीतून लांबचा प्रवास करू शकतात." मागची सीट आडवी करून तो पडून आला होता, हे कोणी विचारलं नाही. निघण्याआधी जादा गोळी घेतली होती, तेही नाही. घरी आल्यावर पुढचे दिवस कसे गेले हे तर बघायला कोणी नव्हतंच.

माझं म्हणणं असं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदी पाया धराव्यात. नेमलेला डॉक्टर वेगळं म्हणत असेल, तर कोणत्या नोंदीशी तो असहमत आहे आणि का, हे लेखी द्यावं. आणि तिसऱ्या तज्ज्ञाचं मत येईपर्यंत पैसे बंद करू नयेत.

जुना_दावेकर

मी विम्याच्या क्लेम विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे विरुद्ध बाजूने लिहितो. मंजिरीताई, प्रवासाचं ते वाक्य वाईटच लिहिलंय, त्याचं समर्थन करणार नाही. पण तुमचा मुख्य मुद्दा मला पटत नाही.

पॉलिसी आजाराचे पैसे देत नाही, काम करता न येण्याचे देते. उपचार करणारा डॉक्टर आजार ओळखतो, पण काम त्याला माहीत नसतं. आमच्याकडे येणारं जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, पत्र बहुतेकदा दोन ओळींचं असायचं: निदान आणि "सध्या कामास अयोग्य". कुठल्या कामास? अर्धवेळ बसून जमेल का? घरून जमेल का? उत्तर नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टर आजारपणाचा जो दाखला देतात, त्यात २०१० साली सिक नोट जाऊन फिट नोट आली ती याचसाठी. "काही बदल केले तर काम जमू शकेल" असा पर्याय त्यात मुद्दाम घातला. तरी बहुसंख्य नोटांवर "कामास अयोग्य" याच चौकटीत खूण असते. रोज समोर बसणाऱ्या पेशंटला डॉक्टर नाही म्हणू शकत नाही, आणि यात मी डॉक्टरला दोषही देत नाही.

दुसरं, गटविम्याचा हप्ता मालक भरतो आणि त्याचा दर साधारण दोन वर्षांनी पुन्हा ठरतो. तपासणी सैल झाली की दर वाढतो, आणि दर वाढला की मालक ही सोयच काढून टाकतो. पुढे आजारी पडणाऱ्याच्या हातात मग काहीच उरत नाही.

पाऊलवाट

दावेकर, काम माहीत नसणं ही अडचण मान्य. पण नेमलेल्या डॉक्टरला तरी आजार माहीत असतो का?

मला एमई/सीएफएस, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या टोकाच्या थकव्याचा आजार, आहे. या आजाराची खूणच अशी की श्रमाचा फटका उशिरा बसतो, काही तासांनी, बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी. तपासणीच्या खोलीत मी नीट बोलते, प्रश्नांची उत्तरं देते, हात वर करते, पाय वाकवते. अहवालात "सुसंबद्ध, सतर्क, हालचाली सामान्य" असं येतं आणि त्यातला शब्द न् शब्द खरा असतो. त्यानंतर मी अंधाऱ्या खोलीत पडून असते, तेव्हा तपासायला कोणी येत नाही. याच कारणाने काही संशोधक व्यायामाची चाचणी लागोपाठ दोन दिवस घेतात, कारण घसरण दुसऱ्या दिवशी दिसते.

उपचार कसे करावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं बदलली आणि ठरलेल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या आजारात देऊ नये असं स्पष्ट केलं. त्यानंतरही मला रिव्ह्यूमध्ये "चालणं हळूहळू वाढवलं का?" असं विचारलं गेलं, आणि "नाही" या उत्तराची नोंद सहकार्य न करणे अशी झाली.

डॉ_उत्तरा

मी ऑक्युपेशनल हेल्थमध्ये, म्हणजे काम आणि तब्येत यांचा मेळ बघणाऱ्या वैद्यकशाखेत, काम करते. अशा तपासण्या मीही करते, तेव्हा हे त्या खोलीतून लिहिलेलं समजा.

मंजिरी, तुमच्या मागणीतल्या एका गोष्टीची मला खरोखर भीती वाटते. उपचार करणाऱ्याचं मतच निकाल ठरवणार असेल, तर पेशंट त्याच्याशी मोकळं बोलणं थांबवतो. "या आठवड्यात जरा बरं वाटलं" हे वाक्य तो गिळतो, कारण नोंद झाली तर पैसे जातील. औषधाचा डोस ठरवायला डॉक्टरला नेमकं तेच वाक्य हवं असतं. उपचार आणि निवाडा एका माणसाकडे नकोत, हे मी ठामपणे म्हणेन.

पण नेमलेल्या डॉक्टरकडे कागद काय येतात ते ऐका. कामाचं वर्णन: "बैठं, ऑफिस." बस्स. यावरून मी काय सांगणार? सलग किती वेळ बसावं लागतं, मधे उठता येतं का, स्क्रीन किती तास, चूक झाली तर परिणाम काय, बैठका कोणाच्या वेळेनुसार, येण्याजाण्यात किती वेळ जातो, हे सगळं मीच परत विचारून घेते. पेशंटला "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलंत?" असं विचारते, आणि मग "वाईट दिवस कसा असतो आणि आठवड्यात असे किती?" हेही. एखादी गोष्ट एकदा करता येणं म्हणजे ती रोज, वेळेवर, दिवसभर करता येणं नव्हे. अहवालात हा फरक नसेल तर तो अहवाल माझ्या मते अपुरा.

आणखी एक. पाठदुखीत "वॅडेल खुणा" बघतात, म्हणजे तपासताना शरीरातल्या बिघाडाशी न जुळणाऱ्या दुखण्याच्या प्रतिक्रिया. १९८० साली गॉर्डन वॅडेल आणि सहकाऱ्यांनी त्या मांडल्या. शरीरातल्या बिघाडाखेरीज इतर गोष्टीही दुखण्यात मिसळल्या आहेत का, हे ओळखून त्या पेशंटकडे अधिक लक्ष द्यावं, हा हेतू. त्या खोटेपणा पकडायची चाचणी नाहीत, हे खुद्द वॅडेल यांनीच नंतर बजावलं. तरी त्या तशा वापरलेल्या अहवालांत दिसतात आणि मला चीड येते. मंजिरी, अहवालात तो उल्लेख असेल तर त्यावर लेखी हरकत नक्की घ्या.

अपील_करा

थोडं कायद्याचं. ब्रिटनमध्ये १९८८ चा वैद्यकीय अहवाल कायदा आहे. तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून विमा कंपनी अहवाल मागवते तेव्हा तुमची संमती लागते. तो पाठवण्याआधी पाहायचाय असं कळवलं की त्यासाठी २१ दिवस मिळतात. चुकीचं वाटलं तर दुरुस्ती मागता येते. डॉक्टरने नकार दिला तर तुमचं म्हणणं सोबत जोडावं लागतं. कंपनीने फक्त तपासणीपुरता नेमलेला डॉक्टर मात्र सहसा या कायद्यात बसत नाही, म्हणून त्याच्याकडे प्रत आधीच मागून ठेवायची.

मंजिरी म्हणतात तसा नियम अमेरिकेत न्यायालयापुढे गेला होता. नोकरीतल्या अपंगत्व विम्याच्या २००३ च्या नॉर्ड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या मताला आपोआप जादा वजन नाही. पण त्याच निकालात हेही आहे की विश्वासार्ह पुरावा, त्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरचं मतही आलं, मनमानीने बाजूला सारता येणार नाही. कंपन्या पहिलं वाक्य सांगतात, दुसरं सोडतात.

सगळ्यात आधी पॉलिसीत काम करता न येण्याची व्याख्या वाचा: "स्वतःचं काम" की "कोणतंही काम"? अमेरिकेतल्या कित्येक गटविम्यांत २४ महिन्यांनंतर पहिलीची दुसरी होते, आणि तब्येत तीच राहूनही क्लेम बंद होतो.

रोहन_परतलो

मी मंजिरींशी असहमत आहे. केमोथेरपीनंतर मी घरी होतो, डॉक्टर म्हणत होते "घाई नको", आणि मी घाई केली नाही. रिव्ह्यूला विमा कंपनीची नर्स आली. थोडे तास काम सुरू केलं तरी उरलेल्या भागाचे पैसे मिळतात, हे तिने सांगेपर्यंत मला कोणीच सांगितलं नव्हतं. कामावर गेलो की सगळं बंद, असंच मी धरून बसलो होतो. तिने मॅनेजरशी बोलून आठवड्यात दोन सकाळी ठरवून दिल्या. उपचार करणाऱ्यांवर सगळं सोपवलं असतं तर मी अजून घरी असतो, आणि घरी मनाने खचत चाललो होतो.

पाऊलवाट

रोहन, तुमचं बरं झालं याचा आनंद आहे. पण तुमची तब्येत सुधारत होती. जिथे सुधारणाच नाही, तिथे तोच धक्का माणसाला मागे नेतो. नर्सने विचारलं "काय जमेल?" मला विचारतात "का जमत नाही?"

मंजिरी_क

डॉक्टर, मोकळेपणाचा तुमचा मुद्दा वजनदार आहे. निवाडा दुसऱ्याने करावा, चालेल. मग पाठीच्या पेशंटला पाठीतलाच तज्ज्ञ द्या, सर्जनच्या नोंदी त्याने आधी वाचल्याचं अहवालात दिसू द्या, आणि तुम्ही म्हणता तो "रोज, वेळेवर" हा प्रश्न छापील नमुन्यातच घाला.

पैसे चालू ठेवण्याची मागणी मात्र सोडत नाही. दावेकर, हप्त्याचं गणित समजलं, पण चुकीच्या अहवालाची किंमत घरभाडं थकवून आजारी माणसानेच का चुकवायची?

जुना_दावेकर

लेखी कारणं आणि त्याच विषयाचा तज्ज्ञ, दोन्ही मान्य. पैशावर मी अडतो. तिसरं मत यायला महिने लागतात. ते विरोधात गेलं तर मधले पैसे वसूल करायचे का? आजारी माणसाच्या घरी जाणारी वसुलीची पत्रं मी पाहिली आहेत. पैसे बंद झाल्याच्या पत्रापेक्षा ती वाईट असतात.

मंजिरी_क

वसुली नकोच. बंद करण्याआधी मुदतीची नोटीस द्या, आणि तिसरं मत त्या मुदतीत घ्या. मुदत संपेपर्यंतचे पैसे पेशंटचे, निकाल काहीही लागो. फक्त ती मुदत आठवड्यांत मोजू नका. पेन क्लिनिकची साधी अपॉइंटमेंट मिळायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.