अनुभव धागा: घरी बाईकची देखभाल करायला आधी कोणती हत्यारं घ्यावीत?

गुहागर: पाऊस सरला की आपल्याकडे गाडी एकदा उघडावीच लागते. चार महिने पाणी आणि वर बारमाही खारा वारा. नट जाम होतात. चेन, प्लग, ऑइल, ब्रेक, बॅटरी एवढं घरी करणाऱ्यांनी अनुभव लिहा, नवख्यांचे पैसे वाचतील.

माझं ठाम मत: शंभर नगांची स्वस्त पेटी घेऊ नका. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचं बरंचसं काम ८, १०, १२, १४ आणि १७ नंबरात भागतं. एवढेच रिंग पाने घ्या, पण क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे. गंजलेल्या नटाला फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना दोनच बाजूंनी धरतो आणि कडा गोल करून टाकतो. गोटी (सॉकेट) घ्यायची तर आतून सहा कोनांची, बारा कोनांची नको. मागच्या एक्सलचा नट गाडीगणिक बदलतो, तो मोजून मगच पाना आणा.

मालवण: सहा कोनांना अनुमोदन. आमचं घर किनाऱ्याला लागून, सायलेन्सरचे नट तर दरवर्षी तांबेरतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायचा, सकाळी पाना आधी किंचित आवळायच्या बाजूला, मग सोडायच्या. बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस. ती छोटी ट्यूब कुठल्याही पान्याइतकीच गरजेची.

दापोली: स्क्रू ड्रायव्हरबद्दल कुणीच बोललं नाही! ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण बघा, चपट्या डोक्याचे दोन फुली स्क्रू. जपानी घडणीच्या गाड्यांत ते बहुधा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही. जोर दिला की वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएसचा २ नंबर घेतल्यापासून माझा एकही स्क्रू फिरला नाही. बायकांनी हे काम करू नये असं वाटणाऱ्यांनी आमच्या अंगणात येऊन बघावं.

चिपळूण: चेनसाठी रॉकेल, मऊ ब्रश आणि ९० नंबरचं गिअर ऑइल. ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लांब ठेवा, रबर जातं. जांभ्याची धूळ तेलाला चिकटली की चेन घासली जाते, म्हणून जास्तीचं तेल फडक्याने पुसाच. ढील किती ठेवायची ते मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. साधी पट्टी पुरते.

सावंतवाडी (सध्या ठाणे): आमची गाडी गावी वर्षभर उभी, गणपतीला आणि शिमग्याला चालते. आम्हा चाकरमान्यांनी पहिला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) घ्यावा. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.४ च्या खाली गेली तर चार्जिंगला लावा. मुंबईला निघताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर काढायची. उलट केलंत आणि पाना चेसिसला टेकला तर शॉर्ट.

देवगड: टायरमधली हवा मोजायचा गेज. बाकी सगळं नंतर.

राजापूर: टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा) लागतोच का?

गुहागर: ऑइलच्या ड्रेन बोल्टपुरता तरी हवाच. बोल्ट लोखंडी, इंजिनचं केसिंग अॅल्युमिनियमचं. जास्त आवळला तर आटे केसिंगचेच जातात. छोट्या मापाचा घ्या, कारच्या चाकांसाठीचा मोठा इथे उपयोगी नाही. आकडा मॅन्युअलमधून.