अनियंत्रित हवाई क्षेत्रातील आयएफआर : क्लिअरन्स नसताना उंची, अंतर आणि फ्लाइट प्लॅन

प्रश्न :
मी इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (उपकरणांच्या आधारे विमान उडवण्याच्या पात्रतेचा) अभ्यास करत आहे. जी वर्गाच्या, म्हणजे अनियंत्रित, हवाई क्षेत्रात आयएफआर (उपकरणांच्या आधारे उडण्याच्या नियमांनुसार होणाऱ्या) उड्डाणाला एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) क्लिअरन्स (परवानगी) लागत नाही, असे वाचले. मग उंची कोण ठरवते, ढगांत दुसऱ्या विमानापासून अंतर कोण राखते आणि फ्लाइट प्लॅन भरून नेमके काय साधते? इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमांच्या आधारे कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १ :
अंतर कोणीही राखून देत नाही, आणि नियोजनाची सुरुवात हे मान्य करूनच व्हायला हवी. उड्डाण माहिती सेवा तिला ठाऊक असलेल्या विमानांची माहिती देते. परंतु इकाओच्या नियमांनुसार या वर्गात व्हीएफआर (बाहेर नजर ठेवून उडण्याच्या नियमांनुसार जाणाऱ्या) विमानाला रेडिओची सक्ती नसल्यामुळे ती माहिती अपुरी असू शकते. आयएफआर विमानाला मात्र दुतर्फी रेडिओ संपर्क सतत ठेवावा लागतो.

उंची तुम्हीच निवडता, पण ती इकाओच्या ॲनेक्स २ (हवाई नियमांचे परिशिष्ट) मधील तक्त्यानुसार : चुंबकीय मार्ग ००० ते १७९ अंशांत असेल तर विषम हजार फूट, १८० ते ३५९ अंशांत असेल तर सम हजार फूट, व्हीएफआर विमाने त्यांच्या वर ५०० फुटांनी. या तक्त्यावर विसंबून राहू नका, असे मी आग्रहाने सांगेन. ००५ अंशांवर जाणारे आणि १७५ अंशांवर येणारे विमान जवळजवळ समोरासमोर असते, तरीही दोघांनी ७,००० फूट निवडणे नियमाला धरूनच आहे.

प्रतिसाद २ :
जमिनीपासूनचे अंतरही तुमच्याच जबाबदारीत येते. विमानाच्या अंदाजित स्थानापासून ८ किलोमीटरच्या आतील सर्वांत उंच अडथळ्यावर किमान १,००० फूट आणि डोंगराळ भागात २,००० फूट उंची राखावी लागते. त्यात क्यूएनएच (उंचीमापकावर लावलेला समुद्रसपाटीचा हवेचा दाब) जुना राहिला, तर कमी दाबाकडे जाताना प्रत्येक हेक्टोपास्कलमागे सुमारे ३० फूट हातचे जातात. म्हणजे १० हेक्टोपास्कलचा फरक पडला की १,००० फुटांतले ३०० फूट गेलेच.

प्रतिसाद ३ :
फ्लाइट प्लॅन भरल्यामुळे तुमच्या विमानाला सतर्कता सेवा मिळते. अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत विमान पोहोचले नाही, तर अनिश्चिततेचा टप्पा जाहीर होऊन चौकशी सुरू होते. म्हणूनच एटीसी नसलेल्या धावपट्टीवर उतरल्यावर आगमनाची सूचना देणे कधीही टाळू नये, नाहीतर सुखरूप उतरलेल्या विमानाचा शोध सुरू होतो.

फ्लाइट प्लॅनच्या रकाना ८ मध्ये पूर्ण आयएफआरसाठी आय, आयएफआरने निघून पुढे व्हीएफआर करणार असाल तर वाय आणि त्याच्या उलट असेल तर झेड लिहावे. पुढे नियंत्रित क्षेत्र लागणार असेल, तर हद्द ओलांडण्यापूर्वी क्लिअरन्स हातात असलीच पाहिजे. प्लॅन हवेतून देत असाल, तर तो प्रवेशाच्या अंदाजित वेळेच्या किमान १० मिनिटे आधी संबंधित केंद्राला मिळायला हवा. क्लिअरन्सला उशीर झाला तर हद्दीबाहेर कोठे आणि किती उंचीवर थांबायचे, हे जमिनीवर असतानाच नकाशावर ठरवून ठेवावे. काही देशांचे नियम याहून कडक आहेत, त्यामुळे त्या देशाचे एआयपी (विमान वाहतुकीची अधिकृत माहितीपुस्तिका) अवश्य पाहावे.